तोंडाला सुटणारे आणि तोंडचे पळणारे पाणी

आपल्या मुखातील एका साध्या रसाविषयी मराठी भाषेने दोन वाक्प्रचार घडविले आहेत. चिंचेची आठवण झाली की 'तोंडाला पाणी सुटते' आणि संकट दारात येऊन उभे राहिले की 'तोंडचे पाणी पळते'. ज्यांनी हे शब्दप्रयोग रूढ केले त्यांना मज्जातंतूंचे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि लाळ कशाने वाढते व कशाने आटते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन वाक्प्रचारांत आलेले आहे. उरलेले अर्धे उत्तर घरातील औषधांच्या डब्यात, खिडकीबाहेरच्या हवेत आणि आपल्या निजण्याच्या सवयीत दडलेले असते, व तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वाचकहो, या खेपेस आपण त्याचाच विचार करू. उदाहरणादाखल दिल्ली व तिला लागून असलेली गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद ही शहरे घेऊ. कारण मनुष्याचे तोंड जितक्या रीतींनी कोरडे पडू शकते, त्यांपैकी बहुतेक रीती एका वर्षाच्या अवधीत या एकाच प्रदेशात पाहावयास मिळतात.

प्रथम ही लाळ येते कोठून ते पाहू. दोन्ही कानांच्या पुढे व थोडी खाली, गालात, एकेक मोठी ग्रंथी असते. गालगुंडाच्या आजारात सुजून चेहरा बेढब करते ती हीच. खालच्या जबड्याच्या आतील बाजूस दोन व जिभेखाली दोन अशा आणखी चार ग्रंथी असतात. याखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सर्वांतून निरोगी प्रौढ मनुष्याच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. आपण ती नकळत गिळीत असतो, म्हणून हा आकडा ऐकून नवल वाटते. तिच्यात शंभर भागांत नव्याण्णव भाग पाणीच असते. परंतु उरलेल्या एका भागात क्षार, पिष्ट पदार्थ पचविणारा रस, जंतूंना आवरणारी द्रव्ये आणि घास निसरडा करणारी प्रथिने असतात.

या रसाचे मोल तो आटल्यावर कळते. आपण गोड काही खाल्ले की दातांवरील जंतू काही मिनिटांतच त्या साखरेचे आम्ल बनवू लागतात. लाळ ते आम्ल धुऊन नेते, त्याचा जोर मारते आणि दाताच्या पृष्ठभागातून निघून गेलेले खनिज काही अंशी परत भरून देते. ती नसेल तर ज्या दातांनी साठ वर्षे इमाने साथ केली तेच दात दोन-तीन वर्षांत हिरडीच्या कडेला किडू लागतात. कवळी टाळूला धरून राहत नाही. घास घशात अडकतो. जिभेवर पांढरी बुरशी येते. अन्नाची चव कळेनाशी होते, आणि मग घरातील वडील माणूस ताटावरून लवकर उठू लागते. हे लवकर उठणे सुनेच्या हातच्या स्वयंपाकावरील रोष समजण्याचे प्रसंगही घरोघर घडतात!

आता लाळ वाढविणाऱ्या गोष्टींकडे वळू. काही न खाता स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला साधारणपणे ०.३ मिलिलिटर लाळ येते. तो चावू लागला की हेच प्रमाण मिनिटाला १ ते २ मिलिलिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक होते. चर्वण आणि चव हे लाळेचे दोन मोठे चालक होत. चवींमध्ये आंबट रसाचा पहिला मान. चांदणी चौकातल्या गोलगप्पेवाल्याने चिंच, पुदिना, जिरे व काळे मीठ घातलेल्या पाण्यात पुरी बुडवून हाती दिली की कानाखाली क्षणभर जी कळ उठते, ती गालातील ग्रंथी एकाएकी कामास लागल्याची खूण असते. आपल्याकडील आवळा, कोकम, कैरी यांची करणी तीच.

परंतु नुसत्या दर्शनाने किंवा स्मरणाने काय होते? रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कुत्र्यांना अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटत असे, ही कथा शाळेतील पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. त्यावरून मनुष्याचेही तसेच असावे असा समज झाला. प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा असे दिसून आले की, अन्नाच्या केवळ विचाराने माणसाच्या तोंडातील लाळ फारशी वाढत नाही. जेवणाची आठवण झाली की तोंडात आधीपासून असलेल्या लाळेकडे आपले लक्ष जाते आणि पाणी सुटल्यासारखे वाटते, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. वाक्प्रचार खोटा ठरला असे मात्र समजू नये. लिंबाची फोड जिभेवर ठेवली की तो लागलीच खरा होतो.

दुसऱ्या वाक्प्रचाराविषयी तर शंकाच नको. लाळेच्या ग्रंथी आपल्या इच्छेच्या ताब्यात नसतात. त्यांचा लगाम आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या हाती असतो. विश्रांतीच्या व भोजनाच्या वेळी तिची एक शाखा पातळ, पाण्यासारखी लाळ मोकळेपणाने सोडते. भीतीच्या वेळी मेंदू त्या शाखेला आवर घालतो, आणि जी थोडी लाळ येते ती दाट व चिकट असते. सभेत बोलावयास उभा राहिलेला वक्ता, परीक्षेच्या खोलीबाहेर थांबलेला विद्यार्थी, मुलाखतीला आलेला तरुण या सर्वांची जीभ टाळूला चिकटते ती याच कारणाने.

आपल्या पूर्वजांनी या अनुभवाचा उपयोग चक्क न्यायदानात केला होता. धर्मशास्त्रात वर्णिलेल्या दिव्यांमध्ये तंडुल नावाचे एक दिव्य आहे. चोरीचा आळ आलेल्या माणसास तांदूळ चावून पानावर थुंकावयास सांगत, आणि थुंकीत रक्त दिसले, अंगास कंप सुटला, तर त्यास अपराधी ठरवीत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या दिव्यांचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. कोरड्या तोंडात कोरडे तांदूळ चावणाऱ्याच्या हिरड्या सोलवटून निघणार, हे उघड आहे. अपराध्याचे तोंड भीतीने सुकते हा या दिव्यामागील हिशेब असावा. परंतु निरपराध माणूसही भर सभेत उभा केला असता भितोच, त्याचे तोंडही सुकते, आणि त्याला दंड होतो. या युक्तीत शरीरशास्त्र होते, न्याय मात्र नव्हता. आजही एखाद्याचा घसा कोरडा पडला एवढ्यावरून त्याला खोटा ठरविणारे महाभाग आढळतात, म्हणून हे विषयांतर केले.

आता दिल्लीकडे येऊ. एक उदाहरण कल्पू. सातारा जिल्ह्यातील एक सत्तरीचे गृहस्थ व त्यांच्या पत्नी मे महिन्यात नोएडाला मुलाकडे राहावयास आल्या आहेत. गृहस्थांना रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी एक गोळी चालू आहे. पाय दुखतात म्हणून रात्री निजताना दुसरी एक गोळी आहे. लघवीला वारंवार उठावे लागते, त्यावर तिसरी. दिल्लीच्या धुळीने शिंका सुरू झाल्या म्हणून मुलाने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सर्दीची चौथी आणून दिली. आठ-पंधरा दिवसांत आजोबा म्हणू लागले, "भाकरीचा घास फिरतोय नुसता तोंडात. रात्री जीभ लाकडासारखी होते." घरातील सर्वांनी मान डोलावून म्हटले, "बाबा, वय झाले आता."

वय झाले, हे खरे. परंतु कारण वय हेच, असे म्हणणे घाईचे होय. वाढत्या वयाबरोबर लाळग्रंथींतील काम करणारा भाग काहीसा घटतो आणि स्वस्थ बसले असता येणारी लाळही थोडी कमी होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि गालातील ग्रंथी चावताना जी लाळ देते, ती निरोगी वृद्धांत तरुणांच्या तोडीची असल्याचे मोजमापांत आढळले आहे. तात्पर्य, वृद्ध माणसाचे तोंड थोडे कोरडे वाटू शकते; त्याला कोरडा घास गिळता येऊ नये इतके ते नुसत्या वयाने सुकत नाही. तसे झाले की दुसरे कारण शोधणे हे घरच्या माणसांचे काम आहे. आपण या आजोबांच्या बाबतीत ते शोधून पाहू.

पहिले कारण हवा. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. असे दिवस रोज येत नाहीत. परंतु मे-जूनमधील 'लू' म्हणजे काय याची कल्पना त्यावरून यावी. राजस्थानकडून येणाऱ्या या वाऱ्यात ओलावा नावालाच असतो. कोकणातल्या माणसाला उन्हाळ्यात अंगावरून घामाच्या धारा वाहताना दिसतात. दिल्लीत घाम येतो आणि दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज लागत नाही. लाळ शेवटी रक्तातील पाण्यापासूनच बनते. शरीरातील पाणी घटू लागले की लाळ हात आखडता घेते. ते सुमारे ८ टक्क्यांनी घटले तर लाळेचा ओघ जवळजवळ थांबतो. म्हणूनच घशाला पडणारी कोरड ही शरीराने वेळीच पाठविलेली सूचना होय. वृद्धांमध्ये ही तहान मंदावलेली असते आणि रात्री उठावे लागेल या धास्तीने पुष्कळजण संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात विश्रांतीच्या वेळची लाळ हिवाळ्याच्या मानाने कमी येते असेही निरीक्षण आहे. त्यातून खोली थंड करणारे यंत्र रात्रभर चालू ठेवले तर ते हवेतील उरलासुरला ओलावा ओढून घेते. वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर या एका बाबतीत बरा असे म्हणावे लागेल.

दुसरे कारण झोप. निद्रावस्थेत लाळ स्रवणे जवळपास बंद पडते. ही निसर्गाची योजनाच आहे. सकाळी तोंडाला येणारा वास व जिभेवरील चिकटा हा तिचाच परिणाम. एरवी लाळेला दिवसाची लय असते. सकाळी ती कमी, तर दुपार कलताना सर्वांत जास्त असते. उभ्याने ती अधिक व आडवे पडल्यावर कमी होते. फार काय, अंधारात किंवा डोळे बांधले असतानाही ती घटते. परंतु आजोबा घोरतात, म्हणजेच तोंड उघडे ठेवून श्वास घेतात. आधीच थोडी असलेली लाळ त्या श्वासाबरोबर उडून जाते.

हीच गोष्ट दिल्लीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निराळ्या मार्गाने घडते. पिकांचे खुंट जाळल्याचा धूर, वाहनांचा धूर, धूळ आणि थंडावलेली, न हलणारी हवा यांनी आकाश करडे होते. नाके चोंदतात, आणि लहानथोर सारे तोंडाने श्वास घेऊ लागतात. त्याच दिवसांत पंजाबी शेजारणींचा करवा चौथ येतो. चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याचे ते व्रत आपल्या हरतालिकेसारखे कडक असते. जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या परिसरात रमजानचे रोजे पाळणाऱ्यांचा अनुभवही त्याच जातीचा. चर्वण नाही, चव नाही, पाणी नाही, तेव्हा ग्रंथी मंदावतात. निरोगी माणसास एका दिवसाने काही अपाय होत नाही. खजूर वा सरबताचा पहिला घोट घेताच लाळ परत येते. मधुमेही किंवा पुष्कळ औषधे घेणाऱ्या माणसाने मात्र निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. पुढे डिसेंबर-जानेवारीत बंद खोलीत हीटर लावले जातात व कोरडेपणाची फेरी पुरी होते. ऑगस्टमधील दमट आठवडे तेवढे तोंडाला विसावा देतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ते म्हणजे औषधे. धोत्र्याचे फळ चुकून खाल्लेल्या मुलाला इस्पितळात नेलेले ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की, त्याची बुबुळे मोठी झालेली असतात, चेहरा लाल होतो, तो बरळू लागतो आणि त्याचे तोंड पार कोरडे पडलेले असते. धोत्र्यात अॅट्रोपीन व त्याच्या जातीची द्रव्ये असतात. ग्रंथीला 'लाळ सोड' असा मज्जातंतूचा जो निरोप येतो, तो ती वाटेतच अडवतात. शस्त्रक्रियेपूर्वी तोंडातील व श्वासनलिकेतील स्राव कमी व्हावेत म्हणून डॉक्टर अॅट्रोपीनचा उपयोग करीत आले आहेत. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नित्याच्या वापरातील कित्येक औषधांत हा धोत्र्याचा गुण थोड्या प्रमाणात असतो. क्लोरफेनिरामिनसारखी सर्दी-शिंकांवरील जुनी औषधे, नसांच्या दुखण्यावर किंवा औदासीन्यावर दिले जाणारे अॅमिट्रिप्टिलीन, लघवीची घाई थांबविणारे ऑक्सिब्युटिनिन ही त्यांची काही उदाहरणे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा मार्ग वेगळा. त्या शरीरातील पाणीच कमी करतात. तोंड कोरडे करू शकणाऱ्या औषधांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते.

आता आजोबांच्या चार गोळ्या पुन्हा पाहा. प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य असेल. परंतु पहिली साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिली, दुसरी हाडांच्या तज्ज्ञांनी, तिसरी आणखी कोणी, आणि चौथी कोणीच दिली नाही, ती दुकानातून आली. चारही गोळ्या एकाच तोंडात जमतात हे कोणीच एकत्र पाहिलेले नाही. यावर उपाय म्हणून आजोबांनी गोळ्या फेकून द्याव्या काय? मुळीच नाही. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करणे कोरड्या तोंडापेक्षा शतपटीने धोक्याचे आहे. उपाय साधा आहे. घरातील सुशिक्षित मुलाने अथवा सुनेने सर्व औषधांची नावे, मात्रा व वेळा एका कागदावर लिहाव्या, त्यांत दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब व ओढावयाची औषधेही धरावी, आणि तो कागद एकाच डॉक्टरांपुढे ठेवावा. पुष्कळदा एखादी गोळी अनावश्यक ठरते, एखादीस दुसरा पर्याय निघतो, एखादीची मात्रा किंवा वेळ बदलता येते. सर्दीची चौथी गोळी तर बहुधा त्याच दिवशी सुटते.

कोरड्या तोंडावर माणसे स्वतः जे इलाज करतात त्यांतील एकाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सुपारी चघळली की तोंडात भराभर लाळ येते. हा केवळ चर्वणाचा परिणाम नव्हे. सुपारीतील अॅरेकोलीन हे द्रव्य धोत्र्याच्या अगदी उलट, ग्रंथींना चेतविणारे आहे. दिल्लीच्या बाजारांतील जिन्यांचे कोपरे लाल होतात त्यामागे असभ्यपणा तर आहेच, पण ही रासायनिक क्रियाही आहे. साहजिकच वृद्ध माणसास सुपारीचे खांड गालात धरले की बरे वाटते व तिची सवय जडते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीस, तीत तंबाखू नसली तरीही, कर्करोगजनक ठरविले आहे. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांच्या गालाचे अस्तर ताठर होत जाते, तिखट झोंबू लागते आणि पुढे तोंड पुरते उघडेनासे होते. गोड गोळ्या सतत चघळणे हेही वाईटच. लाळेविना पडलेल्या दातांवर साखरेचा मारा करण्यासारखे ते आहे. त्यापेक्षा साखर नसलेला च्युइंगगम, बडीशेप, वेलदोड्याचे दाणे किंवा जेवणात नीट चावावी लागणारी काकडी-गाजरे बरी. आवळ्या-लिंबाचा उपयोग बेताने करावा. लाळ अगदीच नसेल तर आंबटाने दाताचे कवच झिजते.

काही आजारांत लाळ आटते, त्यांची नुसती ओळख करून देतो. मधुमेह आटोक्यात नसला की तोंड कोरडे पडते. ज्याला मधुमेह आहे हे अद्याप कळलेलेच नाही अशा माणसात हे पहिले चिन्ह असू शकते. मध्यमवयीन स्त्रियांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे व तोंडास कोरड ही दोन्ही एकदम दिसली तर स्वीडनचे नेत्रवैद्य श्योग्रेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा विचार डॉक्टर करतात. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांच्या ग्रंथी किरणांनी जळतात. अलीकडे किरणांचा झोत नेमका वळवून गालातील ग्रंथी शक्य तितक्या वाचविण्याची रीत आली आहे, ही समाधानाची गोष्ट. अशा रुग्णांनी किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच दात तपासून घेतले पाहिजेत.

याउलट लाळ फार झाल्याची तक्रारही असते. तीन-चार महिन्यांच्या मुलाला लाळेरे बांधावे लागते. ग्रंथी जोमाने काम करू लागलेल्या असतात व गिळण्याची कला अजून यावयाची असते. दात येण्याशीच त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. गर्भार स्त्रीस पहिल्या महिन्यांत मळमळीबरोबर तोंडाला सारखे पाणी येते आणि बहुधा ते आपोआप थांबते. कंपवाताच्या रुग्णाची लाळ गळते तेव्हा ती अधिक बनत नसते, गिळणे मंदावलेले असते. एक प्रसंग मात्र तातडीचा आहे. शेतावर औषध फवारणाऱ्या किंवा घरातील कीटकनाशक चुकून प्यालेल्या माणसाच्या तोंडातून एकाएकी लाळ वाहू लागली, घाम सुटला, बुबुळे टाचणीच्या डोक्याएवढी झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे. तेथे जे औषध दिले जाते ते म्हणजे वर सांगितलेले अॅट्रोपीनच. धोत्र्यात विष ठरणारे द्रव्य येथे प्राण वाचविते.

आपल्या घरातील वडील माणसांची लाळ पुरेशी आहे की नाही हे ओळखण्यास चार प्रश्न पुरेत. कोरडा टोस्ट किंवा भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटावाचून गिळता येतो काय? रात्री तोंड सुकल्यामुळे पाणी पिण्यासाठी उठावे लागते काय? बोलताना जीभ टाळूला चिकटते काय? गेल्या वर्षा-दोन वर्षांत एकदम बरेच दात किडले काय? यांतील दोन प्रश्नांस जरी होकार आला तरी दंतवैद्यास दाखवावे. दिल्लीत राहणाऱ्यांस बहादूरशाह जफर मार्गावरील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि अन्सारी नगरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे दंत केंद्र ही सरकारी ठिकाणे जवळची आहेत. अन्यत्र जिल्हा रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात विचारावे. दरम्यान दिवसभर पाणी घोटघोट घ्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. कवळी रात्री काढून, धुऊन, पाण्यात ठेवावी. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासावे, त्यांतील एक वेळ निजण्यापूर्वीची असावी, आणि त्यानंतर गोड दूधही घेऊ नये. रात्रीच्या त्या आठ तासांत दातांचे रक्षण करावयास लाळ हजर नसते.

लाळ मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. खुर्चीवर मान किंचित पुढे झुकवून बसवितात आणि खूण केलेल्या छोट्या पेल्यात पाच ते पंधरा मिनिटे लाळ आपोआप ओघळू देतात. पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरही जमली नाही तर ती कमी समजतात. वृद्धांस यात संकोच वाटतो, म्हणून घरच्यांनी आधीच समजावून सांगावे. ही तपासणी शक्यतो सकाळच्या वेळी करावी, आणि दुसऱ्यांदा करावयाची झाल्यास त्याच सुमारास करावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे लाळ दिवसभर सारखी नसते. निघण्यापूर्वी तास-दीड तास काही खाऊ-पिऊ नये, दात घासू नयेत, आणि आजोबांच्या खिशात पानाची डबी असल्यास ती घरीच ठेवावी. औषधांचा कागद मात्र आठवणीने बरोबर न्यावा.